थोमाच्या दगडाचं रक्त

१

पडदा सरकला तेव्हा कोनाड्यात दगड नव्हता. होता तो फक्त एक पंजा, ताज्या चुन्यावर उमटलेला, लालभडक. रविवारची सकाळ, त्यात थोमाचा सण, प्रार्थनाघर माणसांनी गच्च भरलेलं. पास्टर विजयकुमार दोन पावलं मागं सरले आणि ओरडले, "रक्त! दगडानं रक्त सांडलं! कुणी हात लावू नका!" एवढं पुरेसं होतं. त्यानंतर त्या वस्तीत कुणी डोकं वापरलं नाही.

फौजदार पुजा राठोड शिपाई रतनसिंगला घेऊन पोचली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं आणि माणसं बाह्या सरसावून उभी होती. शिरड शहापूरच्या पलीकडं, हळदीच्या हिरव्या शेतांना टेकून असलेली ही ख्रिस्ती वस्ती. थोडी घरं, पत्र्याचं प्रार्थनाघर आणि मागं कडुनिंबाखाली कबरी. वस्तीची सगळी ऐट त्या दगडावर होती. येशूचा शिष्य थोमा भारतात आला, त्याचा एक चेला गोदावरीच्या काठाकाठानं चालत इथवर पोचला आणि या दगडावर नुसत्या बोटानं क्रूस रेखून गेला, असं वस्ती मानायची. यावर शंका घेणाऱ्याला इथं कुणी चहासुद्धा विचारत नसे.

आणि शंका घेणारा वस्तीतच निघाला होता. योगेश, वसमतच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा. गेल्या रविवारी भर प्रार्थनेत उभा राहून तो म्हणाला, थोमाचा चेला इथं आल्याचा पुरावा दाखवा. सणाच्या दिवशी मी विद्यापीठातला जाणकार आणतो, सगळ्यांसमोर दगड उलटासुलटा करून बघू. पास्टर त्या दिवशी भयंकर चिडले म्हणे. आज सणाचा दिवस उजाडला तो दगडाशिवाय, आणि पहाटेच योगेशची आई आशाबाई, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली, गेली.

"हिशेब सरळ हाय, मॅडम," मंडळीचे, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजाचे, पंच ग्यानबा पुढं येऊन म्हणाले. "दगड त्यानं नेला. दगडानं रक्त सांडलं अन् त्याची माय गेली. दगड जागेवर आल्याबिगर आशाबाईला आमच्या कबरस्तानात माती मिळायची न्हाई."

"तिच्या नवऱ्याची कबर तिथंच हाय ना?" पुजानं विचारलं.

"व्हय. बाजूची जागा बी तिचीच हाय. पर दगड आधी."

"मेलेल्या बाईची माती तुमी अडवणार?"

"आमी काहून अडवू? देव अडवून राहिला."

मागून एक बाई खेकसली, "तांड्यावरच्या बाईला आमच्या देवातलं काय कळतंय!" पुजाला असल्या बोलण्याची सवय होती, पण सवय झाली म्हणून राग येत नाही असं थोडंच असतं. ती वळली आणि म्हणाली, "देवातलं न्हाई कळत, बाई. चोरीतलं कळतं. सूर्य बुडायच्या आत माती झाली न्हाई तर चोर मिळो न मिळो, अडवणाऱ्यांना मी घेऊन जाणार."

प्रार्थनाघराच्या दारावर काळ्या रंगात लिहिलं होतं, लग्नात हळद लावणाऱ्यास मंडळीतून वगळले जाईल. पुजानं ते वाचलं आणि आत गेली. दरवर्षी सणाच्या आदल्या दुपारी ग्यानबा कोनाड्याला आणि दगडाला जागेवरच चुना लावायचे, मग पडदा ओढला जायचा, तो सणाच्या प्रार्थनेलाच उघडायचा. दाराला कुलूप कधी नसायचं. कोनाड्याखालून मागच्या दारापर्यंत लाल ठिपके गेले होते. मागच्या दारातून दिसत होतं योगेशचं घर, आणि लोकांनी तेवढंच पाहिलं होतं. त्याच वाटेवर उजव्या हाताला पास्टरचं घर होतं, ते कुणाला दिसलं नव्हतं.

ती पंजाजवळ वाकली. रात्रभर वाळलेलं रक्त काळपट पडतं, हे तिनं अपघातांच्या पंचनाम्यांत किती वेळा पाहिलं होतं. हे मात्र नुकतंच सांडल्यासारखं लाल होतं, आणि त्याच्या कडेनं चुन्यात तेल मुरल्यासारखी ओलसर रेघ उठली होती. तिनं आपला हात न टेकवता पंजावर धरून पाहिला. बोटाला बोट जुळलं. बाहेर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या योगेशचे हात तिनं येताना पाहिले होते, सुपाएवढे होते ते.

२

आशाबाई ओट्याला लागून खोलीत निजली होती, हिरव्या लुगड्यात, जबडा पांढऱ्या पट्टीनं बांधलेला. वाऱ्यानं दार लागू नये म्हणून दाराशी एक दगडी वरवंटा टेकवला होता, वापरून वापरून मधे बारीक झालेला. वस्तीतलं एकही माणूस ओट्यावर नव्हतं. पुजाला चीड आली. माणूस मेल्यावर तांड्यातले वैरीसुद्धा येऊन बसतात.

"काल दुपारी तुमी प्रार्थनाघरात होतात," ती म्हणाली.

"होतो. फोटो घेतले, टेपनं माप घेतलं. ग्यानबाकाका चुना लावायला आले तसा निघालो." योगेशचे डोळे सुजले होते, पण आवाजातला काटा गेला नव्हता. "मला दगड पळवायचा असता तर जाणकाराला काहून बोलावलं असतं? दगड जागेवर असण्यातच माझा फायदा होता. आई गेली तसं त्याला येऊ नका म्हणून कळवलं."

"एवढं वैर काहून घेतलं तुमी?"

"वैर? मी फक्त विचारलं. थोमा भारतात आल्याची गोष्ट लिहिली गेली ती तो गेल्यावर दीडशे-दोनशे वर्षांनी, तिकडं सिरियाच्या बाजूला. तिच्यातला राजा वायव्येकडचा. केरळातले लोक थोमाला आपला मानतात, ती परंपरा जुनी हाय, मी मानतो. पर जुनं हाय म्हणून खरंच हाय असं न्हाई ना मॅडम! पहिल्या शंभर वर्षांतल्या किती गोष्टींना आधार हाय, कोण कुठं गेला, कोण कुठं मेला, सगळं मागाहून जोडलेलं. अन् हिंगोली जिल्ह्यात थोमाचा चेला? त्याला आधार काय, तर पास्टरच्या वडलांची जीभ. हेच पास्टर लग्नातल्या हळदीला शास्त्रात आधार न्हाई म्हणून माणसं मंडळीतून काढतात. मग दगडाला कुठल्या शास्त्रात आधार हाय?"

तो बोलत होता ते बरोबरच होतं, पण आईच्या मढ्याशेजारी उभा राहून वर्गात शिकवल्यासारखा बोलत होता. पुजाला तो तेवढा आवडला नाही.

"थोमा म्हणजे तोच ना, ज्यानं जखमेत बोट घालून पाहीन तेव्हाच मानीन असं म्हटलं होतं?"

"तोच. त्याच्या नावानं सण करतात अन् बोट दाखवणाऱ्याची माय सडवतात." आता त्याचा आवाज फुटला. "मॅडम, तिनं माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं. दादांच्या, माझ्या वडलांच्या, शेजारी ठेव म्हणाली. दुसरं काही मागितलं न्हाई तिनं जन्मात."

पुजा दाराकडं वळली. मग उगाच काहीतरी विचारायचं म्हणून तिनं वरवंट्याकडं बोट केलं. "याचा पाटा कुठंय?"

"पाटा आमच्यात न्हाईच. आजीचा वरवंटा हाय तो. आई म्हणायची, त्याची जोडी देवाला दिली. तिच्या काहीही गोष्टी असायच्या."

"कोणत्या देवाला, कशी दिली, विचारलं न्हाई?"

"ऐकीव गोष्टींच्या मागं लागायला वेळ कुठं असतो," योगेश म्हणाला.

३

वस्तीच्या कुंपणापलीकडं बालाजीचं शेत. त्याचं आणि मंडळीचं गाडीवाटेवरून जुनं भांडण होतं आणि प्रार्थनाघर हललं तर वाट सरळ होईल असं तो चारचौघांत बोलायचा. तो बांधावरच उभा होता, तमाशा बघत.

"दगड मी काहून नेऊ?" तो पुजावरच उखडला. "माझ्या बांधावर काय कमी दगड हायेत? अन् रक्त म्हणता तर माझं बी तपासा. हे बघा हात."

हात राबलेले होते, मातीनं भरलेले. पुजानं मुद्दाम विचारलं, "हळदीचं काम सुरू झालं का?"

"आता कुठं? पाला हिरवागार हाय अजून. काढणी शिवरात्रीच्या पुढं. तवर हळदीचं बोट लागत न्हाई कुणाला." मग त्याला स्वतःचंच दुखणं आठवलं. "अन् घरात बी न्हाई लागायची. पोरीचं लग्न ठरलं होतं, पाहुण्यानं तकलीफ दिली, तारीख हुकली. काल अमावास्या सरली अन् आजपासून पौष. गावात आता संक्रांतीपुढंच मांडव. नुसती हीच लोकं लगीन करतेत या दिवसांत."

"कोण?"

"ख्रिस्ती. त्यांना पौष न्हाई न् पाऊस न्हाई. नाताळ झाला की पास्टरच्या पोरीचं हाय ना, जालन्याच्या मोठ्या पास्टरच्या घरात. सोयरीक अशी लागली की मालक जमिनीवर चालून न्हाई राहिले."

रतनसिंग हसला. पुजा हसली नाही. बालाजीनं काहीतरी कामाचं सांगितलं होतं असं तिला वाटत राहिलं, पण ते काय हे अजून हाती लागत नव्हतं.

४

पास्टरच्या अंगणात दोरीवर एक पातळ वाळत होतं. मोतिया रंगाचं, अजून पाणी ठिबकणारं, पदरावर विटकरी डाग. न्हाणीपाशी पिळलेल्या लिंबांच्या फोडी पडल्या होत्या, एकदोन नव्हे, ढीगभर. मागच्या पडवीत एका पाट्यावर लाल मिरच्या काढून ठेवलेल्या होत्या. लग्नाचं घर, मसाल्याचं काम निघणारच, असं म्हणून पुजा आत गेली.

पास्टर विजयकुमार खुर्चीत ताठ बसले होते, पांढरा झगा अजून अंगावर. "मॅडम, तुमी इथं काय शोधताय? चोर तिकडं ओट्यावर बसलाय."

"तुमी पडदा सरकवला तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं?"

"रक्त. दोन हजार वर्षांची साक्ष हाय तो दगड. प्रभूच्या शिष्याच्या चेल्याचा हात लागलेला. त्याच्यावर अविश्वासी माणसानं हात टाकला, दगड रडला. तुमाला हे समजणार न्हाई."

"दगड आतून पाहिलाय कधी? म्हणजे मागची बाजू?"

"पवित्र वस्तू उलटीपालटी करत न्हाईत."

"तुमच्या वडलांनीच बसवला ना तो कोनाड्यात?"

"बसवला न्हाई. सापडला, तिथंच." पास्टरांनी दाराकडं पाहिलं आणि हाक मारली, "चहा आणा!"

त्यांची बायको गोजरबाई चहा घेऊन आली. बाई साठीच्या आतली, चेहरा रात्रभर न निजल्यासारखा. कपबशी तिनं पदरात धरली होती, जणू बशी विस्तवावरून काढली आहे. चहा मात्र कोमटच होता. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं, त्यात मुलगी राजनंदिनी उभी होती, ऐन उन्हाच्या वेळी डोक्यापासून पायापर्यंत शालीत गुंडाळलेली.

"पोरीला बरं न्हाई," गोजरबाई घाईनं म्हणाली.

"आशाबाईकडं बसायला गेला न्हाईत तुमी?" पुजानं विचारलं. "शेजारच्या ना?"

बाईचे ओठ हलले. पास्टरांनीच उत्तर दिलं. "त्या घराची पायरी आमच्यातलं कुणी चढणार न्हाई."

निघताना पुजा पडवीतून वळली. मिरच्या होत्या, पाटा होता. पाट्याखाली पाण्याचा पांढुरका ओघळ गेला होता. तिनं आजूबाजूला पाहिलं, चुलीमागं पाहिलं, मग खिडकीतून स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर मिक्सर होता. पण वरवंटा कुठंच नव्हता.

५

प्रार्थनाघरात ती पुन्हा एकटीच कोनाड्यापुढं बसली. बाहेर ग्यानबाचा आवाज चढत होता. पोरगं कबूल होत नाही तर त्याच्या घराला वस्तीत राहू द्यायचं का, असं कुणीतरी विचारत होतं. रतनसिंग दारात आडवा उभा होता आणि एक पाय सारखा उचलत होता.

"काय झालं पायाला?"

"त्या बांधावरून उतरताना मुरगळला, मॅडम. घरी गेल्यावर हळद-चुना लावतो, संध्याकाळपर्यंत उतरंल."

पुजा उठलीच. हळद-चुना! लहानपणी तिचा घोटा सुजला की आई पिवळ्या हळदीत पांढरा चुना कालवायची आणि वाटीत एकदम लाल लेप तयार व्हायचा. तिला दर वेळी गंमत वाटायची. मराठवाड्यातल्या कुठल्या घरात हे ठाऊक नाही? हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल होतो, हे प्रत्येक बाईला माहीत असतं. या वस्तीतल्या बायकांनाही माहीत असणार. मग सकाळपासून एकीनंही तोंड काहून उघडलं नाही? तिची नजर दारावरच्या काळ्या अक्षरांवर, हळदीच्या त्या बंदीवर गेली आणि तिला उत्तर मिळालं.

"ग्यानबाकाका, आत या. सगळेच या. अन् मला एक लिंबू द्या."

लिंबू आलं. माणसं कुरकुरत आत शिरली. पास्टर सगळ्यांत शेवटी आले. पुजानं अर्धी फोड पंजाच्या करंगळीवर पिळली. चुना बारीक फसफसला, आणि सगळ्यांच्या देखत लालभडक करंगळी पिवळी झाली. हळदीसारखी नव्हे, हळदच.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. ग्यानबाचा जबडा खाली आला.

"रक्तावर लिंबू पिळलं तर ते पिवळं होत न्हाई," पुजा म्हणाली. "ओल्या चुन्याला हळदीचा हात लागला की लाल उमटतं. हा हात बाईचा हाय, माझ्याएवढा. कडेला तेल मुरलंय, म्हणजे ही फोडणीतली चिमूट न्हाई, तेलात कालवलेली हळद हाय, हाताला भरून लागलेली. शेतातली हळद अजून जमिनीत हाय. गावात पौष लागलाय, कुणाच्या घरी मांडव न्हाई. आता तुमीच सांगा, काल दुपारी या वस्तीत हळद कुणाला लागली?"

पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. बायका मात्र खाली बघत होत्या, सगळ्याच्या सगळ्या. आणि त्यांतली एकही पास्टरांच्या बाजूला बघत नव्हती, हेच पुरेसं होतं.

"ही बाई आमच्या धर्मात ढवळाढवळ करून राहिली!" पास्टर गरजले.

"बराबर. चला, तुमच्या पडवीत जाऊन अजून थोडी ढवळू," पुजा म्हणाली. "योगेश, येताना दारातला तो वरवंटा घेऊन या."

६

पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पुजानं पाट्यावरच्या मिरच्या हातानं बाजूला केल्या. पाटा मधोमध खोलगट झिजलेला होता, कित्येक वर्षं वाटण वाटून झिजतो तसा. तिनं योगेशच्या हातातला वरवंटा घेतला आणि त्या खोलगटात ठेवला. तो असा बसला की जणू कालच उचलला होता. तिनं मागंपुढं फिरवून दाखवला. कुठं अडला नाही.

मग तिनं आणि रतनसिंगनं मिळून पाटा उलटा केला. खालच्या अंगाला चुना होता, आणि चुन्यातून क्रूस वर आला होता.

मागची माणसं टाचा उंचावून बघायला लागली. मग एकदम गलका झाला. ग्यानबा मटकन खाली बसले. आयुष्यभर त्यांनी त्या दगडाला चुना लावला होता, कधी उचलला नव्हता.

"पाटा!" योगेश हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "बघा तुमची दोन हजार वर्षं! थोमाचा चेला मिरच्या वाटायला आला होता का?"

"ही या पोराचीच करणी हाय!" पास्टर ओरडले. "त्यानंच आणून ठेवला इथं!"

"न्हाई." गोजरबाई दारात उभी होती. तिनं दोन्ही तळवे पुढं केले. ओल्या चुन्यानं भाजून ते लालसर सोलले होते आणि रेषारेषांत पिवळं अजून उरलं होतं. "मी आणला. पोरीला हळद लावून राहिले होते, दार लावून. कुणाला म्हणून सांगितलं न्हाई. बिनहळदीची पोरगी कशी पाठवू वो, मन होईना माझं. हे वसमतला गेलेले, ग्यानबा चुना लावून गेलेला. मला वाटलं, आत्ता गेलं तर गेलं. हात नुसते पुसले अन् पळाले. चुना ओला असंल हे ध्यानातच आलं न्हाई."

"पर काहून, बाई?"

"परवा आशाबाईनं सांगितलं. गोजर, तो माझ्या सासूचा पाटा हाय म्हणली. वस्तीत पहिली प्रार्थना झाली तवा क्रूस नव्हता. तिच्या सासूनं घरातला पाटा दिला. पाथरवटानं पाठीवर टाकीनं क्रूस कोरला. मग ती वर्षभर शेजारणीकडं मिरच्या वाटत होती. चेल्याची गोष्ट मागून लागली, माझ्या सासऱ्याच्या तोंडून." तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "आशाबाई म्हणली, माझं पोरगं तो उलटा करणार अन् तुझ्या मालकाचं हसं होणार, पोरीचं लगीन तोंडावर. काय करायचं ते कर. तिनं माझं भलं पाहिलं वो. अन् सकाळी ती गेली, तिची माती अडली, अन् मी गप बसले."

ती तिथंच रडायला लागली. योगेशचं हसू केव्हाच गेलं होतं. त्याच्या हातात वरवंटा होता आणि तो त्याच्याकडं असा बघत होता, जणू पहिल्यांदाच पाहतो आहे.

"चूक बाईमाणसाची हाय," पास्टर घसा साफ करून म्हणाले. "मंडळीनं तिला क्षमा करावी. दगड परत मिळाला, देवाची कृपा. कोनाड्यात..."

"थांबा," पुजा म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. "दगड तिनं उचलला. 'रक्त' कोण ओरडलं? आज रविवार, त्यात सण. तुमच्यात रविवारी धुणं धूत न्हाईत ना? मग पास्टरच्या दोरीवर पातळ ओलं कसं? काल धुतलं असतं तर वाळलं असतं. ते आज प्रार्थना झाल्यावर धुतलं, कारण प्रार्थनेवरून घरी येऊन कुणीतरी सांगितलं, पदर धू अन् हात लिंबानं घास. म्हणजे त्या कुणाला ते रक्त न्हाई हे ठाऊक होतं. गोजरबाई, कोण म्हणालं धुवा म्हणून?"

गोजरबाईची नजर नवऱ्याच्या पांढऱ्या झग्यावर गेली आणि खाली आली. ती नजर सगळ्यांनी पाहिली.

"पडदा सरकताच तुमी बायकोचा हात ओळखला," पुजा पास्टरांना म्हणाली. "काल रात्री पोरीचं पिवळं तोंड तुमी पाहिलं असणार. तुमाला दोन शब्दांतला एक निवडायचा होता. खरा बोलला असता तर दारावरचा नियम तुमच्याच घरात शिरला असता. म्हणून तुमी रक्त म्हणालात, अन् एका मेलेल्या बाईची माती अडू दिली."

"मी मंडळीचा विश्वास राखत होतो," पास्टर म्हणाले, पण आता आवाजात ती गर्जना नव्हती.

ग्यानबा उठून उभे राहिले. "पास्टर, तोंडानं सांगा. त्या भिंतीवर काय होतं?"

"ग्यानबा, मी..."

"तुमी मला त्या पोराला शाप द्यायला लावलं. आशाबाईची माती मी अडवली. काय होतं भिंतीवर?"

ज्या माणसानं त्या शब्दापायी किती लग्नं मोडली, किती घरं मंडळीबाहेर काढली, तो माणूस ओठ ओले करत उभा राहिला. त्यानं वर पाहिलं, झग्याच्या बाह्या सारख्या केल्या. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही.

"हळद," तो म्हणाला. "हळद होती."

ऊन कलायच्या आत आशाबाईला उचललं. खांदा द्यायला ग्यानबा पहिले होते. योगेशनं त्यांना नको म्हटलं नाही, पण बघितलंही नाही त्यांच्याकडं. प्रार्थना कुणी म्हणायची असा प्रश्न आला तेव्हा पास्टर पुढं सरकले आणि योगेश नुसता आडवा उभा राहिला. मग ग्यानबांनीच अडखळत म्हटली. पास्टर कुंपणापाशी थांबले, आत आले नाहीत.

पाट्यावरून कबरीपाशीही वाद झालाच. कुणी म्हणालं डोक्याशी ठेवा, क्रूस वर करून. योगेश म्हणाला, खोलगट वर राहील, तोच खरा हाय, तुमचा क्रूस मागून कोरलाय. दोन्हीकडून आवाज चढले. गोजरबाईनं कुणाला विचारलं नाही. सोललेल्या हातांनी तिनं पाटा उभा केला आणि डोक्याशी मातीत रोवला. एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला वाटणाचा खळगा.

मूठमाती सुरू झाली तेव्हा मागून बायका बाजूला झाल्या. राजनंदिनी आली होती. हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही, मातीला तर नाहीच नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिनं शाल घरीच ठेवली होती. कपाळ, गाल, गळा, दंड, सगळं पिवळं, आणि ती मान वर करून चालत होती. वस्तीत कुणी उघड्यावर एवढी हळद पाहिली नव्हती.

ती योगेशजवळ थांबली. "काकू मला म्हणाली होती, तुझी हळद मीच लावीन," ती म्हणाली. "उठता येईना तिला."

योगेशनं बाजूला सरून तिला कबरीपाशी जागा दिली. तिनं वाकून मूठभर माती घेतली आणि खाली सोडली. सगळी पडली नाही, थोडी तिच्या तेलकट तळव्याला चिकटून राहिली. तिनं ती झटकली नाही.